माहेरच्या छताला लावलेलं पांढरं

पूर्णेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सिमेंट, रंग आणि बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा गल्ल्यावर सासरे बसत. त्यांची नजर कमी झाली तशी मी बसायला लागले आणि नवरा टेम्पोतून माल पोचवायला लागला. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या बाईला गिलाव्यातलं काय कळणार, असं मिस्त्री लोकांना वाटायचं. मलाही वाटायचं. पण दुकानात बसलं की माणूस तक्रारींतूनच शिकतो. कुणाची फरशी उचलली, कुणाच्या बाथरूमचा गिलावा फुगला, सगळे आधी आमच्या पायरीवर येऊन भांडतात. कशावर लावलं होतं, ओल होती का, सुकू दिलं होतं का, असं विचारता विचारता मला त्यातलं बरंच कळायला लागलं.

जुन्या काँक्रीटवर नवा गिलावा नुसता थापला तर तो धरत नाही. मध्ये काहीतरी लावावं लागतं. आमच्या फळीवर त्यासाठी दोन प्रकारचे डबे असतात. दोन्हींत दुधासारखं पांढरं पातळ. एक स्वस्त, सुतारकामाच्या गोंदाच्या जातीचं. कोरड्या भिंतीवरच्या बारीकसारीक कामाला ते चालतं, पण ओल लागली की परत मऊ पडतं आणि सुटतं. दुसरं लेटेक्स. ते सिमेंटात कालवून ब्रशने लावायचं आणि चिकट आहे तोवरच वरून गिलावा मारायचा. ओलीत टिकायला हेच लागतं. गिऱ्हाईक येऊन नुसतं म्हणतं, "सिमेंटात टाकायचं पांढरं द्या." मी विचारते, कुठं लावायचंय? काहींना राग येतो. बाईनं पैसे घ्यावेत, चौकशी कशाला करावी.

एका संक्रांतीला मी ताडकळसला माहेरी गेले. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. घरात माय, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची लेकरं. स्वयंपाकघराचा स्लॅब वडिलांनी टाकलेला. माय चुलीपाशी बसते तिथं वर तपकिरी डाग दिसले. मी स्टुलावर चढून लाटण्यानं ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. एके ठिकाणी खपली निघून गंजलेला गज दिसत होता. भावानं गच्चीवर सरपणाला तुरीच्या तुराट्या रचल्या होत्या, त्यांनी पाणी जायचं पन्हाळ बुजलं होतं आणि पावसाळाभर पाणी तिथंच थांबत असणार.

मी भावाला नीट सांगितलं. आधी पन्हाळ मोकळं कर. सुटलेला गिलावा सगळा पाड, गज घासून त्याला गंज न धरणारा रंग दे, मग लेटेक्स लावून नवा गिलावा कर. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "आक्का, तू माहेराला आलीस का माल विकायला?"

सगळे हसले. मायसुद्धा हसली. मीही हसले, कारण तिथं दुसरं काय करणार. पण परतीच्या एसटीत मला ते सारखं आठवत राहिलं. गावात कुणी अनोळखी माणूस आला असता आणि त्यानं हेच सांगितलं असतं तर भावानं त्याला चहा पाजला असता. मी सांगितलं म्हणून तो धंदा झाला.

तरी मी लेटेक्सचा मोठा डबा ओळखीच्या टेम्पोतून पाठवून दिला. पैसे घ्यायचे नाहीत असं नवऱ्यालाही बजावलं. भावाचा फोन आला, "पोचलं." उन्हाळ्यात परत फोन आला, "काम झालं बग तुझ्या मनासारखं." माझा जीव हलका झाला. दुकानात आलेल्या एकदोघांना मी कौतुकानं सांगितलंसुद्धा, माहेरचं छत नीट करून घेतलं म्हणून.

पाऊस सुरू व्हायच्या आधी गेले. स्वयंपाकघर पांढरं झालं होतं, माय खुशीत होती. दुपारी भाऊ मला मोटरसायकलवर शेतात घेऊन गेला. विहिरीजवळचा जुना हौद फार वर्षं गळत होता, तो दुरुस्त करून काठोकाठ भरलेला. बैलं पाणी पीत होती. हौदाच्या कडेला मी पाठवलेला डबा पडला होता, त्यात भावजयीनं कसलंतरी बी घालून ठेवलं होतं.

"हे हौदाला लावलंस?" मी विचारलं.

"मग. पाणी सदा राहतं तिथं, म्हणून तिथं चांगलं पायजे. एक थेंब गळत न्हाई आता."

"आणि घरात?"

"घरातबी पांढरंच लावलं की. सुतार वापरतेत ते आणलं बाजारातून. छताला कोन हात लावायलाय?"

तो मुद्दाम वाईट वागला असं नाही. त्यानं आपल्या डोक्यानं हिशोब केला होता. पाणी हौदात असतं, छत कोरडं असतं. पन्हाळाचं विचारलं तर तुराट्या उचलायला वेळ मिळाला नाही म्हणाला. मी तिथंच, बांधावर उभी राहून त्याला सांगितलं की गच्चीवर पाणी थांबलं तर ते खाली झिरपणार, तो गोंद मऊ पडणार आणि गिलावा खाली येणार. तो ऐकत होता, पण बैलांकडे बघत.

घरी आल्यावर मी छताचं काम केलेल्या मिस्त्रीला फोन लावला. तो आमच्या दुकानातून माल नेणाराच. म्हणाला, "ताई, मला कळतंय. पण मालक म्हनल तसं आमी करतो." मग मी मायला म्हणाले, तू तिथं बसून स्वयंपाक करू नकोस. ती म्हणाली, "तिथून उठून कुठं बसू बाई?"

संध्याकाळी मी परत विषय काढला. म्हणाले, मी माणूस पाठवते, माल पाठवते, सगळं पाडून परत करू. भावानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आक्का, हक्क सोडलास ना तू? मग घर माज्यावर सोड."

वडील गेल्यावर तहसीलला जाऊन मी हक्कसोडीच्या कागदावर सही केली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बहिणी करतात, मीही केली. तेव्हा ह्याच भावानं मला साडी घेतली होती आणि म्हणाला होता, घर तुझंच हाय, कवाबी ये. मी मायकडे पाहिलं. ती भाकरी उलटत राहिली. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून आले.

भाद्रपदात गिलावा पडला. सकाळची वेळ होती, माय पीठ मळत होती. डोकं थोडक्यात वाचलं, पण मोठी खपली उजव्या खांद्यावर आली आणि हाड मोडलं. भावानं जीप करून तिला परभणीला नेलं. मी मिळेल त्या रेल्वेनं गेले. दवाखान्याच्या बोळात सगळे बसले होते. माय आत होती. माझ्याजवळ सरकून मावशी हळूच म्हणाली, "तुज्याच दुकानाचं होतं मने ते?"

मी भावाकडे पाहिलं. तो समोरच बसला होता, त्यानं ऐकलं होतं. तो मोबाईल बघत राहिला.

"माझं नव्हतं," मी म्हणाले. मावशीनं मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. मी डबा पाठवला होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. पांढरं लावलं हेही माहीत होतं. त्यापुढचं फक्त आम्हा घरच्यांना आणि मिस्त्रीला माहीत होतं.

त्यानंतर आमच्या दुकानात ताडकळसच्या बाजूची माणसं कमी झाली. एकानं तर फळीकडे बोट दाखवून सरळ सांगितलं, "ते नको. तुमच्या माहेरीच पडलं ते." नवरा टेम्पो काढून निघाला होता भावाला विचारायला. मी त्याला थांबवलं आणि स्वतः फोन केला. म्हणाले, तू दुसरं काही करू नको, फक्त चार माणसांत खरं काय ते सांग.

भाऊ म्हणाला, "काय सांगू लोकाला? मायच्या डोक्यावरचं सोडून हौद बांधला म्हनून? मला गावात राहायचंय आक्का. तुजं काय, तू पूर्णेला हायस."

मी फोन ठेवला. आरडाओरडा मला जमत नाही. त्या दिवशी जमला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून मायला माझ्याच घरी आणलं. सोयाबीनचे दिवस आले होते, भावजय शेतात, तिथं बघायला कोण. मी तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे. एक दिवस वेणी घालताना विचारलं, "माय, तुला तर माहीत हाय ना, कोणतं कुठं लावलं ते?"

"माहीत हाय की."

"मग मावशीला कामून सांगितलं न्हाईस?"

ती म्हणाली, "मला तिथं जायचंय बाई. म्हातारपण त्याच्यापाशी काढायचंय." नंतर म्हणाली, "आन त्याला हौद लागतच होता."

मी वेणी घालून उठले. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं.

दिवाळीच्या आधी भाऊ मायला न्यायला आला. दुकानातल्या खुर्चीवर बसून चहा प्याला. नवरा आतच राहिला. स्वयंपाकघराचं काम परत केलं, असं त्यानं सांगितलं. तुराट्या काढल्या, पन्हाळ मोकळं केलं, गज घासले आणि लेटेक्सच लावलं. "परभनीवरून आनलं," तो म्हणाला. आमच्या फळीवरचे डबे त्याच्या पाठीशीच होते. आमच्याकडून नेलं असतं तर लोक काय म्हणाले असते, हे मला कळत होतं. त्यालाही कळत होतं, म्हणून तो रस्त्याकडे तोंड करून बसला होता. जाताना म्हणाला, "येत जा आक्का." मी हो म्हणाले.

त्याच हिवाळ्यात तो मिस्त्री आला. ताडकळसलाच कुणाच्या तरी गच्चीचं काम होतं. त्याला लेटेक्सचे दोन डबे हवे होते. मी काढून दिले. तो घुटमळला.

"ताई, एखांदं पोतं हाय का रिकामं? पोत्यात घालून द्या. लोक विचारतेत."

"तुम्हाला खरं माहीत आहे," मी म्हणाले.

"हाय ना ताई. पन मला काम त्याच लोकांत करायचंय."

मी सिमेंटचं रिकामं पोतं झटकलं, दोन्ही डबे आत घातले आणि सुतळीनं तोंड बांधून दिलं. त्यानं ते मोटरसायकलला मागे आवळलं आणि गेला.

मायशी मी आता फोनवरच बोलते. हात बरा हाय म्हणते. वर जातो का विचारलं तर म्हणते, वर कशाला न्यायचाय. मग वेणी कोण घालतं? "सून घालते की," ती म्हणते. भावजय दिवस उगवायला शेतात जाते, हे मला माहीत आहे. मी पुढं काही विचारत नाही.