माझ्याच चुकीने हेडला तडा गेला

रामटेकजवळचं आमचं गाव मी सोडलं त्या सकाळी गिरणी सुरू होती, पण ती मी सुरू केलेली नव्हती. बाबांच्या धानाच्या गिरणीचं ऑइल इंजिन चार वर्षं मीच हँडल मारून चालू करत होते. मग मोठा भाऊ लष्करातून परतला आणि गिरणी त्याची झाली. त्यात कुणाचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण बसची वाट पाहत उभी असताना इंजिनाचा आवाज ऐकू येत होता आणि हात नुसते लोंबत होते.

आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही लागली नोकरी तर वापस ये. पाहुणे येऊन राहिले तुले पाहाले."

बाबा एवढंच म्हणाले, "जेवत जाजो टाइमावर."

नागपूरला इतवारीत मावशीच्या घरी माळ्यावर माझी वळकटी पडली. मॅट्रिक झालेली, सत्तरच्या दशकातली मुलगी मी. कारकुनीच्या जागांसाठी अर्ज लिहू लागले. सगळे एकाच घडणीचे: गरीब घरची आहे, कृपा करावी, उपकार विसरणार नाही. बारा अर्ज गेले. उत्तर एकाचंही आलं नाही. गणपती बसले आणि उठलेही.

तेरावा अर्ज टाइप करायला मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टायपिंग क्लासच्या कुंदाताईंकडे दिला. त्यांनी वाचला आणि मशीनवरचा हात काढून घेतला.

"हा अर्ज आहे का भीक आहे वं? गरीब तर सारेच हायेत. तुले येते काय, ते सांग."

"काही नाही येत. गिरणी चालवत होती बाबाची."

"इंजिन कोण सुरू करत होतं?"

"मीच. नॉझल बी मीच साफ करत होती."

"मंग हे काहून नाही लिहिलं?"

"बाईमाणसानं असं लिहाव का?"

"येते तर लिहाव!"

त्यांनी नवा कागद चढवला. मी सांगत गेले, त्या इंग्रजीत टाइप करत गेल्या. अनुभव: धानाची गिरणी, चार वर्षं, एकटीने. इंजिन दोनदा बिघडलं. एकदा स्वतः दुरुस्त केलं. मग मी म्हणाले, "आता लिहा, एकदा माझ्याच चुकीने इंजिनाच्या हेडला तडा गेला."

कुंदाताई थांबल्या. "आपलं वाईट आपणच कोणी लिहितं का वं?"

"ते नाही लिहिलं तर बाकीचं खोटं वाटन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळ टाइप केली. या वेळी अर्ज कारकुनीसाठी नव्हता. एका तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये असिस्टंटची जागा होती.

मुलाखतीला बोलावलेल्यांत मी एकटीच मुलगी. टेबलापलीकडच्या तिघांपैकी वयस्कर साहेबांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"तडा कसा गेला?"

"टाकीतलं पाणी संपलं होतं. इंजिन तापलं. मी घाबरली आणि एकदम थंड पाणी ओतलं."

"आणि मग?"

"त्या दिवसापासून आधी टाकी पाहिली, मगच हँडल मारलं."

साहेब शेजाऱ्याकडे वळून हसले. "आपली पोरं हेच करतात आणि म्हणतात, सर, आपोआप फुटलं!"

ऑर्डर दसऱ्याच्या आधीच आली. मावशीने पेढे वाटले. कुंदाताईंनी पेढा तोंडात टाकून म्हटलं, "पाहाय, भीक नाही मागितली तं भेटलं." दिवाळीला मी गावी गेले ती पाहुणी म्हणून, चार दिवसांची रजा घेऊन. भावाने इंजिनाचा आवाज बदलल्याचं सांगितलं. मी पाहिलं, पट्टा ताणून दिला, हात धुतले. बाबा दारात उभे राहून पाहत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "नागपूरच्या मोठ्या वर्कशॉपमधी हाय आमची सुमन!"

त्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं तर मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले.

गावात राहिलेल्यांना वाटतं, ही गेली. माझ्यासारखं गाव सोडून निघालेल्यांना वाटतं, आपलं आता कुठलंच राहिलं नाही. मला तसं कधी वाटलं नाही. गावी पोचले की चुलती दारातून ओरडते, "केव्हा आली वं?" नागपूरला परतले की शेजारीण जिन्यातून ओरडते, "केव्हा आली वं?" दोघींनाही मी तेच सांगते, "आत्ताच आली."

केव्हा जाणार, हे मला दोन्हीकडे कुणी विचारत नाही.