भाजीला चव होती ते आठ दिवस

हे कोणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. 'हे' म्हणजे नेमकं काय, ते येईलच पुढे. पण आमच्या घरी बाबांच्या जेवणाचे किस्से इतके साचले आहेत की एक सांगायला घेतला की बाकीचे मागोमाग येतात. बोलताना माझं मराठी अडखळतं, मध्येच हिंदी येते. म्हणून लिहूनच सांगते.

आम्ही खमरियाला, हिंदी मुलखात, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. बाबा इथल्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत आहेत. मी नववीत असताना कळलं की त्यांच्या किडन्या खराब होत चालल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, "खाना सँभालिए, तो मशीन टलती रहेगी." मशीन म्हणजे डायलिसिस. त्या दिवसापासून मशीन टाळणं हेच आमच्या स्वयंपाकघराचं काम झालं.

*

दवाखान्यातून कागद मिळाला होता, काय खायचं नाही त्याचा. आईने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "यात जेवण कुठं आहे?"

आलूसुद्धा सरळ खायचे नव्हते. सोलायचे, चिरायचे, पाण्यात भिजवायचे, ते पाणी फेकायचं, मग नव्या पाण्यात उकळायचे, तेही फेकायचं. बाबांच्या सेक्शनमधले मेश्राम काका एकदा हे सगळं ओट्याजवळ उभं राहून बघत होते.

"वहिनी, भाजीच फेका न! चव तर सारी पाण्यात गेली!"

बाबा पोट धरून हसले. आई हसली नाही. तिने दुसरं पाणीही फेकलं.

*

नागपूरची आत्या भेटायला आली ती संत्र्यांची पिशवी घेऊन. आजारी भावाकडे कोणी रिकाम्या हाताने येतं का! आईने हळूच सांगितलं, संत्री बंद आहेत.

"काहून? संत्र्यानं का कोणी मरते का?"

तो शब्द तोंडून निघाला आणि आत्याचंच तोंड उतरलं. तेव्हा बाबांनी एक संत्रं उचललं, सावकाश सोललं, फोडी आम्हाला वाटल्या आणि साल शर्टाच्या खिशात ठेवलं.

"वासाले मनाई नाही न, ताई?"

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या गेटवर तपासणीत ते साल निघालं. जवानाने विचारलं, "ये क्या है?"

बाबा म्हणाले, "दवाई है, भैया!"

*

सेक्शनमध्ये पाच जणांचे डबे एकाच पेपरवर उघडतात. कोणाचा डबा कोणाचा ते राहतच नाही. बाबांचा डबा बिनमिठाचा झाला, तेव्हा ते बाजूला बसायला लागले. दोन दिवसांनी मेश्राम काकांनी जाहीर केलं, "आजपासून साऱ्यांचाच डबा फिका!"

बाबांनी घरी येऊन हे आईला दोनदा सांगितलं.

महिनाभराने मेश्राम काकू आईजवळ कुरकुरल्या. "यांच्या पँटच्या खिशातून रोज मिठाची पुडी निघून राहिली, वहिनी! म्हणे भाऊजी हात धुवायला गेले की सारे टाकून घेतात."

मी बाबांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

"माहीत आहे मले," ते पेपरमधूनच म्हणाले. "म्हणून तर मी हात हळू धुतो."

*

आता आईने बजावलेलं ते सांगते.

आईबरोबर मी दुकानात गेले होते. तिथे मिठाचं एक पाकीट दिसलं. त्यावर लिहिलं होतं, सोडियम कमी. वर्गात मी कधी हात वर करत नाही, पण तिथे मी आईची बाही ओढली आणि ते तिला वाचून दाखवलं. आई इतकी खूश झाली! "शिकलेली पोरगी असली की असं असते," ती दुकानदारासमोर म्हणाली.

त्या दिवशी बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "आज भाजीत जीव आहे!" त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागितली. किती दिवसांनी मागितली! असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी बाबांना पलंगावरून उठता येईना. पायात जोरच नव्हता. दवाखान्यात रक्त तपासलं. ज्या पोटॅशियमसाठी आम्ही आलूचं पाणी फेकत होतो, तेच खूप वाढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, नया क्या खिलाया? आईने पर्समधून पाकीट काढून दिलं. सोडियम कमी करायला त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी फक्त पुढची बाजू वाचली होती.

"ये किसने बताया?"

"मैंने ही लिया, साहब," आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

बाबा पलंगावरून हळूच बोलले, "साहब, वो आठ दिन अच्छे थे."

त्याच दुपारी मशीन लागली. आता आठवड्यातून दोनदा लागते.

*

मशीन लागल्यापासून पाणीही मोजून आहे. सकाळी आई एक बाटली भरून देते, दिवसभराची. बाबा घोट घोट पितात आणि संध्याकाळच्या चहापुरतं पाणी राखून ठेवतात. उन्हाळ्यातही राखतात.

त्या पाकिटानंतर मी ओट्याजवळ जातच नव्हते. परवा आई शेजारी गेली होती. बाबांनी बाटली माझ्यापुढे धरली. "आज चहा तू कर."

मी साखर तीनदा चाखून पाहिली. साखरच होती. तरी चौथ्यांदा चाखून मगच कप दिला.

बाबांनी एक घोट घेतला.

"ते पाकीट तूच वाचून दाखवलं होतं न?"

 मी फक्त मान हलवली.

बाबांनी कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"घे. थंडा होऊन राहिला."

मी ती बशी दोन्ही हातांनी उचलली, आणि बाबा खिडकीबाहेर बघत असताना तो चहा परत त्यांच्या कपात ओतला.

"अगं, आलूचं पाणी फेकलं का?" आई हाक मारते आहे, मला जायला हवं.