वसुधाताईंची नावानिशी माफी

वसुधाताई गेल्याचं मला त्यांच्या मुलीच्या, मुक्ताच्या, फोनवरून कळलं. "मावशी, आई गेली... चहा घेतला, जरा पडते म्हणाली," एवढंच ती बोलू शकली. आता काही आठवडे झालेत, तरी ऑफिसात एखादं निवेदन लिहायला बसले की त्यांना फोन करून विचारावंसं वाटतं, हे एवढं चालेल का?

मी एका खासगी दूध कंपनीत नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आले तेव्हा वसुधाताई तिथल्या जनसंपर्क विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांचे वडील कोर्टात नोकरीला. जन्म, शाळा, संसार सगळं हैदराबादच्याच नल्लकुंट्यात. कंपनीचा ब्लॉग त्याच लिहायच्या. उन्हाळ्यात दूध का नासतं, गाडीत ते थंड कसं ठेवतात, असलं साधंच. पण प्रत्येक लेखाखाली स्वतःचं नाव. 'आमची टीम' असं मोघम लिहिलेलं त्यांना खपत नसे. "टीमला रस्त्यात कोण गाठणार? मला गाठतील ना," म्हणायच्या.

एका उन्हाळ्यात चिक्कडपल्लीच्या एका बाईंनी आमच्या नासक्या दुधाचा व्हिडिओ टाकला. घरी नातवाचं उष्टावण, पाहुणे जमलेले आणि खीर नासलेली. दुपारपर्यंत तो व्हिडिओ शहरभर फिरला. मग त्याखाली वेगळ्याच प्रतिक्रिया येऊ लागल्या... बाई खोटं बोलतात, दुसऱ्या डेअरीनं त्यांना पढवलंय. कुणीतरी त्यांच्या सुनेचा फोटो शोधून काढला आणि त्यावर घाणेरडं लिहिलं. वसुधाताई त्या प्रतिक्रिया लिहिणारी खाती एकेक उघडून बघत होत्या. सगळी नवीकोरी, आणि त्यांतली दोन वाक्यं आमच्याच एका अंतर्गत सूचनेतून जशीच्या तशी उचललेली. त्या उठून थेट कंपनीच्या साहेबांकडे गेल्या. "आपली जाहिरात एजन्सी करते ते. सगळेच करतात, मॅडम," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन चिक्कडपल्लीला गेल्या. बाईंनी दार अर्धवटच उघडलं. वसुधाताई तेलुगूत म्हणाल्या, "मी त्या कंपनीतून आलेय. दूध आमचंच खराब होतं. आणि तुमच्या सुनेवर लिहिणारी माणसंसुद्धा आमचीच." मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी दार पूर्ण उघडलं आणि "कूर्चोंडी," म्हणत खुर्ची पुढे केली. सून आतल्या खोलीत होती, फोन बंद करून बसलेली. "दुधाचं सोडा, अम्मा," बाई म्हणाल्या. "पोर माहेरीसुद्धा तोंड दाखवायला तयार नाही. तिला काय सांगू मी?" वसुधाताईंनी मान खाली घातली. "तिला सांगा, हे आम्ही केलं," त्या म्हणाल्या. "आणि एवढं मी सगळ्यांसमोर सांगेन."

परत येऊन त्यांनी ब्लॉगवर माफी लिहिली. आधी दुधाची, मग खोट्या खात्यांची, खाली स्वतःचं नाव. साहेबांचं बोलावणं लगेच आलं. "दुधाचं राहू द्या. फक्त तो दुसरा परिच्छेद काढा," ते समजुतीनं म्हणाले. ताई म्हणाल्या, "साहेब, दूध गाडी बिघडली म्हणून नासलं. दुसरं तर आपण ठरवून केलं. माफी त्याचीच आहे." दुपारी माफी ब्लॉगवरून गेली आणि संध्याकाळी ताईंची नोकरी. मात्र तोवर लोकांनी ती पुढे पाठवली होती. ती खाती एकाएकी गप्प झाली, सुनेचा फोटोही हटला. काही दिवसांनी बाईंचा ताईंना फोन आला, सून नातवाला घेऊन माहेरी गेली म्हणून. ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

पुढे त्यांना कुठल्या कंपनीनं बोलावलं नाही. "दुपारी फार रिकामं वाटतं गं," असं त्या एकदाच म्हणाल्या. मग जामबागेतल्या एका कॉलेजात जनसंपर्क शिकवू लागल्या आणि घरी स्वतःचा मराठी ब्लॉग सुरू केला, शेजारपाजाऱ्यांबद्दल, बाजारातल्या गप्पांबद्दल. वाचणारे मूठभर. मुक्ता इंग्रजी शाळेतली, तिला देवनागरी अडखळत वाचता येतं. म्हणून लेख टाकण्याआधी ताई तो तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या, स्वयंपाकघरात, स्वतः पोळ्या लाटता लाटता. मुक्ता अडली की ताई लाटणं हातात धरूनच विचारायच्या, "शब्द अवघड आहे, की मीच वाकडं लिहिलंय?" आणि बहुतेक वेळा वाक्य बदलायच्या.

परवा मी नल्लकुंट्याला गेले होते. मुक्ता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. आईचा एक अर्धा लेख राहिलाय म्हणाली, कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईवरचा. मी वाचून दाखवू का विचारलं, तर नको म्हणाली. पडद्यावर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचू लागली, हळूहळू, जोडाक्षरं फोडत. एका शब्दाशी ती अडली. दोनदा प्रयत्न केला, जमेना... आणि तिनं मान वळवून ओट्याकडे पाहिलं, आता आई विचारेल अशी वाट बघत.