चौथ्या डबीची रेघ

साल दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा. भुताखेताला मी कधी मानलं न्हाय, आजबी मानत न्हाय. मंद्रूपच्या माळावर मेंढरामागं रात्री काढल्यात, कुणी भेटलं न्हाय. शिक्षण चौथी, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या... पण घडलं ते असंच.

बायपास झाल्यावर सोलापुरात दवाखान्यात आठवड्यातून तीनदा व्यायामाला जायचो. तिथल्या म्याडम छातीला तारा लावून कमरेला डबी अडकवायच्या. माझी तीन नंबरची. शेजारी सायकलवर नरसय्या, यंत्रमागावरचा माणूस, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटा. त्याची चार नंबरची. म्याडमच्या स्क्रीनवर सगळ्यांच्या काळजाच्या हिरव्या रेघा, एकाखाली एक.

मी मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालायचो. म्याडम विचारायच्या, आजोबा, दम किती लागला, दहापैकी सांगा. मी कायम तीन सांगायचो. जीव कासावीस झाला तरी तीनच. जन्मभर माळ तुडवला, आता एका पोरीपुढं दमलो म्हणू?

नरसय्या हसायचा. "आप्पा, हितं मेंढरं न्हाईत, कुणाला दाखवताय? खरं सांगा की."

तू तुझी सायकल मार, म्हणायचो.

मग नरसय्या वारला. घरीच, झोपेत.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, चालताना माझी छाती आवळली. म्याडम पाठमोऱ्या, दुसऱ्याचं बीपी घेत होत्या. तिथूनच विचारलं. मी म्हणालो, तीन. डोळ्यापुढं अंधारी आली... तेवढ्यात त्या वळल्या, स्क्रीन बघितली, पळत येऊन पट्टा बंद केला. डॉक्टर आले. वाचलो.

चार दिवसांनी दवाखान्यातून सुटी झाली तवा म्याडमला विचारलं, तीन म्हटलं तरी तुमी वळला कशा?

म्याडम म्हणाल्या, "डबी सुरू झाली की मशीन वाजतं. ते वाजलं म्हणून बघितलं. चार नंबरची रेघ चालली होती, आजोबा. नीट, संथ. तिच्याच वर तुमची बिघडलेली दिसली."

चार नंबरची डबी ड्रॉवरमधे होती. सेल काढलेली. पट्टा थांबला तशी ती रेघ आडवी झाली म्हणं. मशीनवाला येऊन तपासून गेला, त्याला काय सापडलं न्हाय. मलाबी अजून उलगडा न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरगा नको म्हणत असताना, नरसय्याचं घर विचारत गेलो. त्याच्या बायकोनं विचारलं, तुमी कोण. म्हटलं, शेजारचा. जास्त काय सांगणार?

मी कुणापुढं वाकणारा माणूस न्हाय, धाकट्यापुढं तर न्हायच. चप्पल काढली, आत गेलो आणि त्याच्या फोटोपुढं डोकं टेकलं.