दारव्हा ते यवतमाळ, एकटीने

“याला स्किझोफ्रेनिया म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी आईला नाही, मला सांगितलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यात वजनाचा काटा. काट्यावर कोणी उभं नसतानाही त्याचा बाण शून्याच्या किंचित पुढे होता. मी तोच बघत बसले.

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत समजावलं. बाहेरून येणारा आवाज आणि मेंदूत आपोआप उठणारा आवाज यांतला फरक निरोगी मेंदूला कळतो. या आजारात ती ओळख बिघडते. “तुम्हाला ऐकू येतं ते खोटं बोलणं नाही. तुम्हाला ते खरंच ऐकू येतं. फक्त ते बोलणारं बाहेर कोणी नसतं.”

त्याआधी वर्षभर मी दारव्ह्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते. मुलं पुस्तकांत पेन्सिलीने ओळी अधोरेखित करतात, त्या माझ्यासाठी निरोप आहेत असं मला वाटू लागलं. मी दुपारभर बसून खोडरबराने त्या ओळी पुसायची. एक दिवस प्राचार्यांनी आईला बोलावून घेतलं. टेबलावर रबराचा चुरा साचला होता. आईने तो आधी हाताने गोळा केला आणि मग विचारलं, “काय झालं?”

बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत गेले. भाऊ नागपूरला नोकरीला. घरात मी आणि आई.

पहिल्या दोन औषधांनी झोप लागली, पण आवाज गेले नाहीत. मग डॉक्टरांनी क्लोझापाइन सुरू केलं. बाकीची औषधं लागू पडली नाहीत की हे देतात. याने माझे आवाज कमी झाले, संशय जवळजवळ गेला. पण या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर महिन्याला. रक्त दारव्ह्यातही तपासून मिळतं. पण डॉक्टर यवतमाळला, आणि माणूस आणि रिपोर्ट दोन्ही समोर असल्याशिवाय ते पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून देत नसत. गोळी मध्येच तुटली तर आजार उलटतो, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

म्हणजे दर महिन्याला यवतमाळ. एका तासाचा रस्ता. नऊ वर्षं आई मला घेऊन गेली.

बाकी ठिकाणी मी बरी असायची. बसमध्ये नाही. इंजिनाच्या घरघरीतून आवाज वर यायचे. “वैशाली, उतर. वैशाली, उतर.” तिसऱ्या वर्षी मी खरंच उतरले. वाटेत लाडखेडला बस थांबली, आई पैसे शोधायला पिशवीत वाकली होती, आणि मी मागच्या माणसांना ढकलून खाली आले आणि चालत सुटले. मी आईला तुरीच्या वावरात सापडले. ती रागावली नाही. त्यानंतर मात्र बसमध्ये ती माझं मनगट धरून बसायची, दारव्ह्याच्या स्टँडपासून यवतमाळच्या स्टँडपर्यंत. उतरल्यावर मनगटावर तिच्या बांगडीचा वळ असायचा.

गेल्या वर्षी आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. तीन महिने बस नाही, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं.

भाऊ सुट्टी काढून आला आणि त्या महिन्यात त्याच्या गाडीने मला यवतमाळला घेऊन गेला. परत आल्यावर म्हणाला, “आता तुम्ही दोघी नागपूरले चला. इथं कोण आहे तुमचं?”

आई म्हणाली, “माहं हाड जुळू दे. मी नेतो तिले.”

“आणि तोवर?”

“तोवर तू ये.”

“दर महिन्याले कशी सुट्टी भेटन मले?”

मी तिथेच बसले होते. मला कोणी काही विचारलं नाही. याची मला सवय होती आणि वाईटही वाटलं नाही. औषधामुळे बऱ्याच गोष्टींचं वाईट वाटणं उशिरा येतं, कधीकधी दुसऱ्या दिवशी. यावेळी ते दुसऱ्या दिवशी आलं. मी दवाखान्यात फोन लावला आणि राठोड मॅडमना विचारलं, “मला एकटीला येता येईल का?”

राठोड मॅडम तिथल्या सायकियाट्रिक सोशल वर्कर. म्हणजे गोळ्या देत नाहीत. गोळ्या घेणाऱ्या माणसाचं बाकीचं आयुष्य कसं चालेल ते बघतात. त्या म्हणाल्या, “येईल की नाही ते मले नाही माहीत. पण शिकता येते. मी बुधवारी दारव्ह्याले असतो. तुम्ही स्टँडवर या.”

पहिल्या बुधवारी आम्ही बसमध्ये बसलोच नाही. स्टँडवरच्या बाकावर पंधरा मिनिटं बसलो. मॅडमनी मला फक्त बसच्या पाट्या वाचायला सांगितल्या. पुसद, दिग्रस, कारंजा, यवतमाळ. दुसऱ्या बुधवारी चौकशीच्या खिडकीवर जाऊन यवतमाळची गाडी कधी आहे ते विचारायचं होतं. मला ते माहीत होतं, तरी विचारायचं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता वेळ सांगितली. मी परत आले तेव्हा माझी ओढणी घामाने ओली झाली होती.

तिसऱ्या वेळी उभ्या बसमध्ये चढून बसायचं आणि निघायच्या आत उतरायचं. चौथ्या वेळी पुढच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं. आधी मॅडम शेजारी, मग दोन सीट मागे. या पद्धतीला ग्रेडेड एक्स्पोजर म्हणतात असं त्यांनी सांगितलं. ज्याची भीती वाटते त्याच्या थोडं थोडं जवळ जायचं, भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, पळायचं नाही.

पाचव्या वेळी मी पळाले. बस सुटायच्या आत उतरून सरळ घरी गेले. मॅडम मागून घरी आल्या, चहा प्यायल्या, आईच्या पायाची चौकशी केली आणि जाताना म्हणाल्या, “पुढच्या बुधवारी तिथूनच सुरू करू.” बस्स, एवढंच.

आई त्या गेल्यावर म्हणाली, “कायले जिवाले त्रास करून राह्यली? मी मेली नाही अजून.”

मी चहाचे कप उचलले. पण एक प्रश्न तिथेच होता, आम्हा दोघींच्या मध्ये, खाटेवर. ती नसेल तेव्हा काय?

एका बुधवारी मॅडमनी मला विचारलं, “घरी आवाज आले तर तुम्ही काय करता?”

मी सांगितलं की मी समोरच्याचे ओठ बघते. ओठ हलत नसतील तर तो माझा आवाज. हे मी स्वतःच शोधलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की बसमध्ये हे जमत नाही. बसमध्ये सगळी माणसं पाठमोरी असतात.

नऊ वर्षांत आम्ही कोणी हे विचारलंच नाही, असं मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी दुसरा उपाय सुचवला. शंका आली तर सरळ विचारायचं. “तुम्ही मला काही म्हणालात का?” एवढंच. मला ते पटलं नाही. असं विचारणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतील. मॅडम म्हणाल्या, “लोकं दिवसभर एकमेकांले हेच विचारत असतात. अर्धा गाव बहिरा आहे.” आम्ही ते वाक्य स्टँडवर दहा-बारा वेळा म्हणून पाहिलं. त्यांना एक चिठ्ठीही माझ्या पर्समध्ये ठेवायची होती, आजाराचं नाव असलेली. मी नको म्हटलं. शेवटी कागदावर माझं नाव, मॅडमचा नंबर आणि ‘यवतमाळला उतरायचं आहे’ एवढंच लिहिलं.

तोवरच्या फेऱ्या भावाने कशीबशी सुट्टी काढून निभावल्या. एकटीने जायचा दिवस डिसेंबरात आला. आई काठी घेऊन दारापर्यंत आली. “पोहोचली की फोन कर. बसली की कर. लाडखेड गेलं की कर.” मी हो म्हटलं.

मी ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या ओळीत खिडकीपाशी बसले. कंडक्टरला ‘यवतमाळ’ म्हटलं, त्याने बायकांचं अर्धं तिकीट काढून दिलं आणि पुढे गेला. आवाज होते, पण लांब, पलीकडच्या घरात रेडिओ चालावा तसे. लाडखेड गेलं. मी आईला फोन केला. ती फक्त “बरं” म्हणाली.

त्यानंतर दहा मिनिटांत बस थांबली. तिथे थांबा नव्हता. दोन्ही बाजूंना वावर. लोक उठले, बोलायला लागले, पिशव्या काढायला लागले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “उतरा, उतरा.”

मी हलले नाही. आम्ही पाट्या वाचल्या होत्या, खिडकीवर विचारलं होतं, थांबे मोजले होते. वाटेत मध्येच उतरायचं आम्ही कधी शिकलो नव्हतो. आणि ‘उतर’ हा तर माझ्या आवाजांचा शब्द. मी खिडकीची दांडी धरली. मॅडमना फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्या वेळी त्यांची ओपीडी असते.

बस जवळजवळ रिकामी झाली. मागून पुन्हा आवाज आला, “ताई, उतरा नं.”

मी वळले. कंडक्टर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याचे ओठ तेव्हा मिटलेले होते. म्हणजे शब्द आधीच बोलून झाला होता, किंवा बोललाच गेला नव्हता.

मी विचारलं, “तुम्ही मला उतरा म्हणालात का?”

“हो नं ताई, तुमालेच सांगून राह्यलो कवापासून. पुढं कापसाच्या गाठीचा ट्रक आडवा झाला. ही गाडी इथूनच माघारी जाते. तिकडच्या बाजूनं दुसरी उभी आहे, त्याच तिकिटावर बसा.” मग जरा थांबून, “काहून, कमी ऐकू येते का?”

“नाही,” मी म्हटलं. “कधीकधी जास्त येतं.”

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं असावं. त्याने माझी पिशवी खाली घेतली आणि एका म्हाताऱ्या बाईला म्हणाला, “आजी, या ताईसंगं जा.” आजीने माझा हात धरला नाही, ती फक्त बाजूने चालली. रस्त्यावर कापसाच्या गाठी पसरल्या होत्या, एक फुटली होती आणि दोन माणसं तिच्यावर बसून विडी ओढत होती. आम्ही कडेकडेने पलीकडे गेलो.

दुसऱ्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. कंडक्टर ‘ताई’ म्हणाला होता, ‘उतरा’ म्हणाला होता. माझ्या आवाजांनी मला आजवर कधी ताई म्हटलेलं नाही. ते नेहमी अरेतुरेवर असतात.

मी उशिरा पोहोचले, पण रक्त घ्यायची खिडकी उघडी होती. रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसले. पांढऱ्या पेशी ठीक होत्या. डॉक्टरांनी विचारलं, “बरोबर कोण आहे?” मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी पेन थांबवलं, मग कागदावर एक ओळ लिहिली. मी ती उलटी वाचली: आज एकटी आली. “पुढच्या महिन्यात भेटू,” ते म्हणाले.

मॅडमना ट्रकचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे मी शिकवलं नव्हतं.” मग त्यांनी ते इतरांसाठी शिकवायच्या गोष्टींत लिहून घेतलं. गाडी बदलावी लागली तर.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा आजार असेल तर मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. माझे आवाज गेलेले नाहीत. फेब्रुवारीत मी स्टँडवरून परत आले आणि दुसऱ्या दिवशी गेले. तेही चालतं, डॉक्टरांनी तेवढ्यासाठी चार गोळ्या जास्तीच्या ठेवायला सांगितल्या आहेत. आणि दुसरं, आजारी माणसाला एकदा विचारा की त्याला नेमकं कुठे अडतं. त्याला ते माहीत असतं. मला माहीत होतं.

राठोड मॅडमचे उपकार आहेत. त्या कंडक्टरचेही आहेत. तो पुन्हा दिसला नाही.

एप्रिलमध्ये आईचा पाय बराच सुधारला. एक दिवस ती म्हणाली, “या महिन्यात मी येऊ का? तुह्यासाठी नाही. दवाखान्यात त्या बाकावर आर्णीची एक बाई येत होती पोराले घेऊन. कशी आहे काय माहीत.” नऊ वर्षं दर महिन्याला आई त्या बाईशेजारी बसत होती आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं.

आम्ही गेलो. आईला खिडकी दिली. तिकीट मी काढलं. तिने माझं मनगट धरलं नाही. पर्स मांडीवर घेऊन ती बाहेर बघत राहिली, आणि गाव सुटल्यावर थोड्या वेळात तिची मान माझ्या खांद्यावर आली. तोंड किंचित उघडं होतं. आईला बसमध्ये झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. यवतमाळचा स्टँड आला तेव्हा मी तिला उठवलं.