उपाशी भांडं

“धातूला विचारा. माझ्या तोंडाकडं काय बघताय?” असे म्हणून बाई जस्ताच्या पट्टीवर नखाने टिचकी मारत आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवत.

सांगलीच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. मी त्याच प्रयोगशाळेचे भांडार सांभाळत असे. काय आले, काय गेले, काय फुटले, एवढेच माझे काम. बाईंची मागणी मात्र भलतीच असायची. जस्ताचा पत्रा, शिशाचा पत्रा आणि टोपलीभर संगमरवराचे तुकडे. पासष्टची लढाई नुकतीच संपली होती, धातू मिळता मिळत नव्हता.

“बाई, देऊळ बांधताय का?” मी एकदा विचारले.

“गॅस काढतेय. आपण श्वासातून टाकतो ना, तोच. संगमरवरावर आम्ल ओतलं की निघतो.”

तो गॅस त्या खाऱ्या पाण्यात सोडत. पाण्यात धातूच्या दोन पट्ट्या, त्यांच्या तारा ट्रकच्या जुन्या बॅटरीला. जस्ताच्या पट्टीवर त्या गॅसाचे फॉर्मिक आम्ल व्हावे, म्हणजे मुंगी चावल्यावर झोंबते ते, अशी त्यांची खटपट.

“चूल, भट्टी, गुऱ्हाळ, सगळ्यांचं उष्टं म्हणजे हा गॅस,” त्या म्हणत. “त्याला कुणी विचारत नाही. मी त्यातून कामाचं काहीतरी काढून दाखवीन.”

विभागप्रमुख येता-जाता टोमणा मारत, “काय बाई, धुराचं लोणचं मुरलं का?”

“मुरेल, सर. बरणी उघडायची घाई तुम्हालाच आहे.”

तुमच्याही कचेरीत असे एखादे माणूस असेल. त्याची जागा सगळ्यांना हवी असते आणि ते मात्र हलत नाही. बाईंचा खिडकीजवळचा कोपरा प्रमुखांना नव्या टेबलांसाठी हवा होता. शेवटी ठरले की दसरा झाल्यावर संस्थेची मंडळी येतील. त्यांच्यासमोर आम्ल निघाले तर कोपरा राहील, नाहीतर रिकामा करायचा.

बाईंची एक रीत होती. प्रयोगाचे भांडे मांडले की शेजारी हुबेहूब तसेच दुसरे मांडायचे. तेच पाणी, तशाच पट्ट्या, तशीच वीज. फक्त त्यात गॅस सोडायचा नाही. त्याला त्या ‘उपाशी भांडं’ म्हणत. “जेवणाऱ्याचं पोट भरलं हे खरं कधी? शेजारचा उपाशी राहिला तर.”

खंडेनवमीला आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा असे. आमचा सेवक तातोबा कवठे महांकाळकडचा. त्याने त्या वर्षी तराजू, बर्नर, बॅटरी, सगळे पाटावर मांडून हळदकुंकू लावले. बाईंच्या पट्ट्याही चकचकीत होऊन झेंडूखाली बसल्या होत्या.

दसऱ्यानंतर मंडळी आली. अध्यक्ष हळदीचे व्यापारी. बाईंनी दोन्ही भांडी मांडली, एकात गॅस सोडला, दोन्हींत वीज चालू केली. मंडळींचा चहा झाल्यावर त्यांनी भांड्यातले पाणी काचेच्या नळीत घेतले. त्यात चांदीच्या क्षाराचे द्रावण घातले. माझ्या कपाटातला हा सर्वांत महाग जिन्नस. आम्ल असेल तर चांदी सुटी होते. नळी गरम पाण्यात धरली आणि तिच्या काचेवर आतून चांदीचा लख्ख आरसा चढला.

अध्यक्षांनी त्यात आपल्या मिशा पाहिल्या. “वा! बाई, कोपरा तुमचा!” प्रमुखांनीही टाळ्या वाजवल्या.

बाईंच्या कपाळाला मात्र आठी. “इतका?” त्या पुटपुटल्या आणि उपाशी भांड्यातले पाणी दुसऱ्या नळीत घेतले.

प्रमुख खालच्या आवाजात म्हणाले, “राहू द्या ना ते आता.”

त्याही नळीत आरसा चढला. तितकाच लख्ख.

“सर, उपाशी भांड्यानं ढेकर दिली,” बाई म्हणाल्या. “ह्याला जेवू कुणी घातलं?”

बाईंनी त्या भांड्यातली पट्टी बाहेर काढून नखाने तिची दुमडलेली कड उचकटली. आत तपकिरी चोथा.

तातोबा दारातूनच म्हणाला, “आवं बाई, लय काळ्या पडल्या हुत्या. पूजंला तशा कशा ठिवायच्या? म्या चिंचंनं घासल्या, फकस्त.”

बाई मंडळींकडे वळल्या. “चिंचेच्या आम्लानंही असाच आरसा चढतो. हा आरसा चिंचेचा आहे, माझा नाही.”

अध्यक्षांना वाईट वाटले. “बाई, आम्हाला काय कळणार होतं? आम्ही तर हो म्हटलंय.”

“मला कळलंय ना. खोट्या आरशाच्या जोरावर मला कोपरा नको. आणि प्रयोग मी सोडणार नाही. कोपरा घ्या, बॅटरी माझी आहे.”

तातोबा रडकुंडीला आला होता. त्या त्याला म्हणाल्या, “तुमची पूजा पोचली, तातोबा. माझी राहिलीय. बादली आणा.”

दुसऱ्याच दिवशी कोपरा गेला. बाईंनी मागच्या पडवीत, नळाशेजारी संसार मांडला. जाणारे-येणारे हसत. पट्ट्या घासायला त्या कुणाला देत नसत. हिवाळा सरता सरता एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. हातात दोन नळ्या होत्या. एकीच्या तळाशी बोटाचा ठसा उमटावा इतपत करडी झाक. उपाशी भांड्याची नळी पाण्यासारखी स्वच्छ.

“आता विचारा धातूला,” त्या म्हणाल्या. मी प्रमुखांना बोलावू का विचारले. “कशाला? त्यांना आरसा हवा होता.”

पुढे त्या साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत गेल्या. जाताना बॅटरी नेली, एक पट्टी माझ्याकडे ठेवली. वाईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मागे सांगितले, शाळेच्या जिन्याखाली त्यांची दोन भांडी मांडलेली असायची. आता बाई नाहीत.

खंडेनवमी अजून होते. तातोबा म्हातारा झालाय, तरी पितळ-तांबे चिंचेने असे घासतो की डोळे दिपावेत. त्या चकचकाटात पाटाच्या कडेला ती एक पट्टी असते, काळवंडलेली. परवा नव्या सेवकाने ती उचलली, तर तातोबा खेकसला, “ठिव खाली! तिला हात न्हाई लावायचा.”

मग त्याने फूल वाहिले. पट्टीवर नाही, तिच्यापुढे, बोटभर अंतर राखून.