एका बांबूची दोन पाती

सकाळी पावणेसात वाजता कमलेश जीपच्या टपावर उकिडवा बसून पिल्लाला दोऱ्या बांधत होता. पिल्लू म्हणजे अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, हातभर लांबीचे जायरोकॉप्टर. माणूस बसेल असे मोठे नंतर करायचे, म्हणून आधी हे लहान. चार कोपऱ्यांच्या चार दोऱ्या त्याने वीतभर ढिल्या ठेवल्या. यंत्र उचलले गेलेच, तर तेवढेच वर जाणार होते.

दाभोसा गावाबाहेरच्या कातळावर दुसरे कोणी नव्हते. खाली त्याची बायको जयश्री पदर खोचून उभी होती.

"मी चालवतो. तू मागं उभी राहा नि बघ. उठला का तेवढा सांग."

"आणि मी पडली म्हणजे?"

"शिडी धर. पाशिंजर रोज लटकतात, कोण पडतो?"

"मोठ्यातनं तू पडशील तेव्हा काय धरशील, ढग?"

कमलेशने शेवटची गाठ आवळली. जव्हारला आयटीआय करून तो वसईकडच्या पंख्यांच्या कारखान्यात लागला होता. तिथे पात्यांचे वजन जुळवायचे काम होते. कारखाना बंद पडल्यावर गावी परतून त्याने जुनी जीप घेतली, आणि दाभोसा ते मोखाडा वाहतूक सुरू केली. त्याला बारा वर्षे झाली. जायरोकॉप्टर त्याने मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओत पाहिले. मागचे इंजिन यंत्राला पुढे ढकलते; वरचा पंखा इंजिनावर नाही, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरतो आणि यंत्राला उचलून धरतो. वारा पंख्याला फिरवतो, हे कारखान्यात उलटे होते. तेव्हापासून त्याच्या डोक्यातून ते गेले नाही.

मोठ्या यंत्राच्या इंजिनासाठी जीप विकायची, असे त्याने ठरवले होते. मोखाड्याचा एक गाडीवाला उद्या बाजाराच्या दिवशी ती बघायला येणार होता. घर जीपवर चालत होते. जयश्री अंगणवाडीत मदतनीस होती, तेवढ्यावर भागणार नव्हते. तिने एकच अट घातली होती. पिल्लू सरळ उडाले तर जीप जाईल, नाही तर राहील.

जयश्री मागच्या शिडीवर चढली, आणि पंख्याला वारा मिळावा म्हणून कमलेशने जीप पळवली. त्याला वरचे काही दिसत नव्हते. टपावर आधी टकटक झाली, मग घरघर, मग सगळा पत्रा थडथडू लागला.

"उठला का?" तो ओरडला.

"उठला!"

"उडाला का?"

"उठला म्हणते ना! उडाला म्हणू का नाय, ता माला कळत नाय. लटलट करतो!"

तेवढ्यात काडकन आवाज आला. कमलेशने ब्रेक दाबला. पंख्याचे एक पाते मुळातून मोडून मागे दगडांत पडले होते.

त्याला काहीच समजेना. पंखा मध्यावर दोरीने टांगून त्याने वजन पाहिले होते. एक बाजू खाली जात होती, तर दुसऱ्या बाजूच्या टोकाला वायसर, म्हणजे लोखंडी चकती, चिकटवून त्याने दोन्ही बाजू समान केल्या होत्या. टांगल्यावर पंखा पाण्यासारखा सपाट राहायचा. मग फिरताना हे काय?

त्याने मोडक्या पात्यावरची चिकटपट्टी सोलली. पाती बांबूची होती, एकाच बांबूच्या दोन उभ्या फाका. मोडले होते तिथे बांबू बारीक होता, आणि पेरे लांब लांब. शाबूत पात्याची पट्टी काढली. त्याचे मूळ जाड, आणि पेरे आखूड.

"शेंडा," तो म्हणाला.

"काय?"

"याचा शेंडा मधे लावला. त्याचा बुडखा मधे लावला."

घराच्या छपरावर बांबू टाकताना एकाचा बुडखा आणि शेजारच्याचा शेंडा एका बाजूला ठेवतात, म्हणजे छप्पर एकीकडे झुकत नाही. कमलेशने लहानपणापासून तसेच टाकले होते. दोन फाका समोर आल्या, तेव्हा हाताने न विचारताच एक उलटी फिरवली. वजन वायसरने जुळले, पण एक पाते मुळाशी ताठ आणि दुसरे लवचीक राहिले.

"तू घर शाकारलास," जयश्री म्हणाली. "मग सापडली ना चूक? मोठा उडेल?"

कमलेश खाली दगडावर बसला. मोठ्याची पाती अॅल्युमिनियमची होणार होती, त्यांना बुडखाही नव्हता, शेंडाही नव्हता. म्हणजे ही चूक मोठ्यात होणारच नव्हती. पण मग पिल्लू सरळ उडाले असते, तरी मोठ्याबद्दल काय कळले असते? ते मोडले म्हणून काय कळले? त्याने दोन्ही तुकडे हातात घेतले, जोडून पाहिले, पुन्हा वेगळे केले.

"माला नाय माहीत," तो शेवटी म्हणाला. "कायपण समजत नाय."

"आपला बोलणा काय झालेला?"

"सरळ उडाला तर."

"उडाला?"

"नाय."

"मग त्याला फोन लाव."

त्याने लगेच फोन लावला नाही. जीपला एक फेरी मारली, टपावरच्या दोऱ्या सोडल्या, पिल्लू खाली उतरवून सीटवर ठेवले. मग गाडीवाल्याला सांगितले की उद्या येऊ नका. तिकडून विचारले, मग कधी? कमलेश म्हणाला, ते अजून कळलेले नाही.

घरी आल्यावर त्याने टपावरचे कॅरियर गोण्यांसाठी मोकळे केले. उद्या सकाळी साडेसहाला जीप दाभोशाहून मोखाड्याच्या बाजाराला सुटेल. ड्रायव्हरशेजारची जागा शेजारच्या ठकीमावशीने सांगून ठेवली आहे.